महादूच्या पिकअपची उपाशी बॅटरी

लवू मुंबईहून आचऱ्याला परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, उजव्या अंगठ्यावर बॅटरीच्या अ‍ॅसिडचा डाग होता आणि मनात मुंबईच्या मासळीबद्दल राग होता. परळच्या एका मोटार गॅरेजात तो बरीच वर्षं डायनामो आणि सेल्फ उघडून बसलेला. तिथे त्याचं बरं चाललं होतं. पण एका रविवारी ताटातल्या बांगड्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं, बांगड्यानेही त्याच्याकडे पाहिलं, आणि हा मासा आपल्याही आधीपासून मुंबईत राहायला आहे अशी त्याची खात्री पटली. पुढच्या बोटीने तो निघाला. निदान तो स्वतः तसं सांगे. शेठने काढलं असेल, असं त्याची बायको सांगे. तिचं खरं धरलं तरी बांगड्याचा दोष कमी होत नाही.

ही छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मालवणच्या रस्त्याला गवत ठेवायचा एक मांगर होता, तो त्याने भाड्याने घेतला. आत एक लाकडी फळी ठोकली. फळीखाली तीन खिळे मारून त्यावर तीन फडकी टांगली. एक बॅटरीचं, एक पट्ट्याचं, एक हाताचं. ही परळच्या उस्तादाची शिस्त. एका जागेची घाण दुसऱ्या जागेला लागता कामा नये. गावातल्या लोकांना तिन्ही फडकी सारखीच काळी दिसत, पण लवूला रात्री झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने कुठलं कुठलं ते सांगितलं असतं.

बॅटरीत वीज भरायला त्याने रॉकेलवर चालणारा एक चार्जिंग सेट आणला होता. तो चालू झाला की शेजारच्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, कोंबड्या अंडी द्यायचं लांबणीवर टाकत. गावात ज्यांच्याकडे बॅटरीवरचे रेडिओ होते ते लवूकडे बॅटऱ्या आणत, आणि चार्जिंग सेटचा आवाज थांबेपर्यंत कोणालाच रेडिओ ऐकू येत नसे. लवूला त्या सेटचा भारी अभिमान. कुठलीही बॅटरी आली की पहिलं काम म्हणजे ती सेटला लावणं. मग बाकीचं बघू.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे हेडलाइटचा एक बल्ब. त्याला दोन वायरी जोडलेल्या. एक टोक इथे, एक टोक तिथे, बल्ब पेटला तर हो, नाही पेटला तर नाही. गावच्या देवळात गुरव देवाला पाकळ्या लावून कौल घेतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, त्यामुळे ही पद्धत आचऱ्याला लगेच पटली. लोक त्या बल्बाला ‘लवूचो कौल’ म्हणू लागले.

पण त्याला मेस्त्री म्हणत नव्हते.

आचऱ्यात मेस्त्री हा शब्द स्वस्त नव्हता. सुताराला म्हणत, होडी बांधणाऱ्याला म्हणत, आणि तेही त्याच्या बापाला म्हणत आले असतील तर. लवूचे वडील माडाच्या बुंध्याशी बसून दुसरे माडावर कसे चढतात यावर टीका करण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. त्यामुळे लवू आल्यावरही नुसता लवूच राहिला. ‘लवू, ह्या बघ रे,’ ‘लवू, बॅटरी भरली काय रे?’

तो शब्द त्याला दिला हौसाबाईने. हौसाबाई म्हणजे महादू पिकअपवाल्याची आई. पोपटी लुगडं, कपाळावर आडवं गंध, आणि गावात कोणालाही नावानिशी हाक मारायचा अधिकार. एकदा पालखीच्या वेळी, देवळासमोरच, महादूच्या पिकअपचा हॉर्न अडकला. ढोल थांबले, गुरव थांबला, देवसुद्धा जरा थबकला असेल, पण हॉर्न थांबेना. महादू स्टिअरिंगवर बुक्के मारत होता. लवू गर्दीतून आला, बॉनेटखाली हात घातला आणि एक वायर ओढली. आवाज बंद झाला. त्या शांततेत हौसाबाई म्हणाली, ‘मेस्त्री खरो.’

सगळ्या गावाने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून लवू मेस्त्री झाला, आणि त्याची बायको सुगंधा मेस्त्रीण झाली. सुगंधा गगनबावड्याची, म्हणजे घाटावरची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ‘लवूची घाटी बायल’ एवढंच नाव होतं. मेस्त्रीण झाल्यावर हळदीकुंकवाला तिला दाराजवळून उठवून आत बसवायला लागले. तेव्हा हा शब्द नवराबायकोच्या घरात एखाद्या भांड्यासारखा नीट ठेवलेला होता.

आता पिकअपविषयी. मूळची ती लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलची. पुढे कुणीतरी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं. महादूने घेतली तेव्हा तिचं बॉनेट एका बाजूने उघडंच होतं, कारण त्या बाजूचा पत्रा लष्करातच राहिला होता. डायनामो वीज भरतो की नाही हे सांगणारा काट्याचा मीटर कधीच बंद पडलेला. महादूने तो काढून त्या गोल भोकात गणपतीची तसबीर बसवली. ती इतकी नेमकी बसली, की मीटरच मुळात तसबिरीची जागा अडवून बसला होता असं वाटे. या पिकअपमधून नारळ आणि सुकी मासळी तळेऱ्यापर्यंत जायची, तिथे घाटावरच्या ट्रकांत चढायची, आणि येताना गूळ, कांदे आणि रस्त्यात हात दाखवणारे सगळे यायचे. त्या टापूत एस.टी. सोडली तर चार चाकांची वाहनं मोजकीच. महादूची पिकअप गेली तर लवूच्या हाती रेडिओच्या बॅटऱ्या आणि सायकलींचे दिवे राहणार होते.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी महादूने बटण दाबलं आणि इंजिन फिरवून चालू करणाऱ्या सेल्फने नुसता ‘टक्’ असा आवाज केला. धक्का मारून गाडी चालू केली आणि लवूकडे आणली.

लवूने पाहिलं. इंजिनावरून डायनामो फिरवणारा पट्टा सैल होता, तो डायनामो ओढून ताणून बसवला आणि पट्ट्याच्या फडक्याने पुसला. बॅटरी रिकामी होती, ती रात्रभर चार्जिंग सेटला लावली. सकाळी गाडी चालू केली, डायनामोवर बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला.

‘झाला,’ लवू म्हणाला. ‘पट्टो सैल होतो.’

आठवडा सरायच्या आत गाडी पुन्हा ‘टक्’ म्हणाली.

आता पेट्रोलची गाडी असती तर एवढं रामायण झालंच नसतं. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगीला बॅटरी लागते. बॅटरी रिकामी झाली की गाडी वाटेत कुठेतरी बसते आणि दुखणं कुठे सुरू झालं ते तरी कळतं. डिझेलला ठिणगीची गरज नाही. एकदा चालू झालं की ते रिकाम्या बॅटरीवरही तळेऱ्याला जाईल, परत येईल, अंगणात उभं राहील, आणि बोंब ठोकेल ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

लवूने दुसऱ्या खेपेला डायनामो उघडला. आतले कार्बन झिजलेले दिसले, ते बदलले. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, पॉलिश पेपरने घासलं. बॅटरी रात्रभर सेटला. सकाळी कौल घेतला. बल्ब लख्ख.

पुन्हा काही दिवसांनी ‘टक्’.

तिसऱ्या खेपेला त्याला वाटलं, दोष कटआउटमध्ये असेल. कटआउट म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांच्यामधलं दार. गाडी थांबली की ते बंद व्हायला हवं, नाहीतर बॅटरीतली वीज मागल्या पावली डायनामोत निघून जाते. लवूने त्याच्या टोकांना कानस मारली, स्प्रिंग तपासली, आणि महादूला सांगितलं, रात्री बॅटरीची वायरच काढून ठेवत जा. म्हणजे वीज चोरीला जायला वाटच नको. महादू रोज वायर काढून उशाशी घेऊन झोपू लागला. बॅटरी मात्र तशीच रिकामी होत राहिली.

दरम्यान गावाचा या पिकअपशी संबंध वाढत चालला होता. महादूचं घर सपाटीवर. गाडी उताराला लावावी तर उतार थेट खाडीत. त्यामुळे रोज सकाळी धक्का. आधी लोक हौसेने येत. मग बोलावल्यावर येत. मग देवळात जाणाऱ्यांनी वाट बदलली. महादूने त्यावर तोड काढली, की एकदा चालू झालेलं इंजिन बंदच करायचं नाही. तळेऱ्याच्या हॉटेलात तो जेवायला बसे तेव्हा बाहेर पिकअप धडधडत असे, आणि आतली माणसं एकमेकांना आमटी ओरडून मागत.

लवूच्या मांगरात रोज वैद्यमंडळ भरू लागलं.

‘खारो वारो,’ बोटीवर तांडेली, म्हणजे कप्तानकी, केलेला एक म्हातारा म्हणाला. ‘लोखंड खाता तो. वीज खावक किती येळ?’

‘दृष्ट लागली,’ दुसरा म्हणाला. ‘पालखीच्या वेळी हॉर्न वाजवल्यान ना, त्याचाच ह्या.’

‘पण हॉर्न मी बंद केलंय,’ लवू म्हणाला.

‘म्हणानच तुझ्या हाताक यश नाय.’

लवूने फळीवरच्या बल्बाकडे पाहिलं. बल्ब दर खेपेला हो म्हणत होता आणि गाडी दर खेपेला नाही म्हणत होती. देवळातला कौल असा उलटसुलट आला असता तर गुरवाने निदान नारळ तरी मागितला असता.

शेवटी एका शनिवारी महादू पायी आला. पिकअप अंगणातच होती, कारण त्या दिवशी धक्का मारायला दोघंच मिळाले होते आणि त्यातला एक लवू होता.

‘मेस्त्री, आता माका बोलू नको,’ महादू म्हणाला. ‘सोमवारी मी गाडी कोल्हापुराक नेतंय. थयसर मोठो कारखानो आसा. मशीनीर लावन बघतत.’

‘आणखी चार दिवस दी.’

‘चार दिवस म्हणजे चार धक्के. गावात आता माका कोण राम राम पण करणत नाय.’

त्याच्या मागून हौसाबाई आली होती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिने फळीकडे पाहिलं, तीन फडक्यांकडे पाहिलं, चार्जिंग सेटकडे पाहिलं.

‘जावंदे महादू,’ ती म्हणाली. ‘लवूक काय कळता त्यातला.’

लवूक. मेस्त्रीक नाही, लवूक. वैद्यमंडळातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि एकाने तर लगेच वापरून पाहिलं. ‘लवू, वायच विडी दी रे,’ तो म्हणाला. लवूने विडी दिली.

संध्याकाळी तो घरी आला तो फडकी धुवायला घेऊन. शनिवारी फडकी धुवायची, हीही उस्तादाची शिस्त. सुगंधाने ती न्हाणीजवळ नेली आणि एक फडकं हातात धरून परत आली.

‘अवो, ह्ये फडकं कुणाच्या डोसक्याला बांधलं हुतं?’

‘डोक्याक कित्या बांधतलंय? पट्ट्याचा फडका ता. मशीनचा तेल आसतला.’

‘मशीन काय येणी घालतंय व्हय? ह्यो खोबरेलाचा वास हाय.’

लवूने फडकं नाकाला लावलं. त्याला कसलाच वास आला नाही.

यात लवूच्या नाकाचा दोष नव्हता. आचऱ्यात माणूस जन्मला की दाई त्याला खोबरेलाने चोळते. पुढे त्याच्या डोक्याला तेच, आमटीच्या फोडणीला तेच, देवाच्या समईला तेच, दाराच्या कडीला तेच, गुरांच्या खुरांना तेच. असं तेल ज्याच्या नाकात जन्मापासून मुरलं आहे त्याला ते वेगळं कसं कळणार? सुगंधा शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली. ती सासरी आली त्या दिवसापासून तिला उशीला, भाताला, नवऱ्याला आणि सासूबाईंच्या आशीर्वादाला एकच वास येत होता. तिने तक्रार बंद केली होती, वास बंद झाला नव्हता.

‘तुका नक्की कळता?’ लवूने विचारलं.

‘इतकी वर्सं हितं दुसरं काय करतीय मी?’

लवू पायरीवर बसून राहिला. पट्ट्याचं फडकं त्याने पट्ट्याशिवाय कशालाही लावलं नव्हतं.

‘उद्या सकाळी माझ्यावांगडा महादूकडे चल,’ तो म्हणाला. ‘गाडयेचो वास घे.’

‘मी काय कुत्रं हाय व्हय, वास घेत हिंडायला?’

‘नायतर सोमवारी गाडी कोल्हापुराक जाता.’

‘जाऊ द्या की. माझं माहेर त्याच वाटंला हाय. मी बी जाते बसून.’

‘जा. पण हौसाबाईन आज माका लवू म्हटल्यान.’

सुगंधाने फडकं खाली ठेवलं.

‘मग मला काय म्हणतील?’

‘आधी काय म्हणत ताच.’

सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

रविवार असल्यामुळे महादूच्या अंगणात माणसं होतीच. धक्का मारावा लागणार नाही याची खात्री असली की लोक पिकअप बघायला अजूनही येत. सुगंधाने पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि बॉनेटच्या उघड्या बाजूने वाकली. आचऱ्याने आजवर बायकांना पुष्कळ गोष्टींचा वास घेताना पाहिलं होतं, दुधाचा, मासळीचा, नवऱ्याच्या तोंडाचा. इंजिनाचा वास घेणारी बाई त्यांना नवीन होती.

‘हितं आंबट,’ ती बॅटरीजवळ म्हणाली. ‘हितं जळकं,’ डायनामोजवळ. मग ती पट्ट्यापाशी थांबली आणि नाकाला पदर लावून सरळ झाली.

‘हितं तुमचं समदं गाव हाय,’ ती म्हणाली.

लवूने पट्ट्याला हात लावला. त्याला काही वेगळं जाणवलं नाही. मग त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सकाळीच डोक्याला तेल लावून आला होता.

‘महादू, चुलीतली राख हाड,’ तो म्हणाला.

‘आता काय गाडयेक अंगारो लावतलंस?’

‘माझ्या हाताक.’

राखेने कोपरापर्यंत हात घासून, धुऊन, कोरडे करून त्याने पट्टा पुन्हा चिमटीत धरला. बोटं सुळकन घसरली. त्याने पुन्हा धरला. पुन्हा घसरली. आजवर दर खेपेला त्याने हाच पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला होता. ताण बरोबर होता. बुळबुळीत अंगठ्याला बुळबुळीत पट्टा बुळबुळीत कसा लागणार?

‘बॅटरी सेटाक लावची?’ महादूने विचारलं. बॅटरी उचलायची त्याला आता सवय झाली होती.

‘नको,’ लवू म्हणाला. ‘थंयच माझी चूक झाली. दर खेपेक मी तिका पोटभर जेवूक घातलंय आणि मगे इचारलंय, भूक आसा काय? भरलेली बॅटरी कायच मागणत नाय. डायनामो रिकामो फिरता. मगे माझो बल्ब लख्ख पेटात नाय तर काय करीत? आज तिका उपाशीच ठेवया.’

याचा अर्थ धक्का. हे लक्षात येईपर्यंत काहींनी निघायची तयारी केली होती, पण सुगंधाने एवढा वास घेतल्यावर पुढे काय होतं हे न बघता जाणं त्यांना जमेना. गाडी ढकलली गेली, अंगणाला एक फेरी मारून धडधडू लागली. लवूने भर उन्हात दोन्ही हेडलाइट लावायला सांगितले. रिकामी बॅटरी आणि दोन दिवे, सगळे मिळून डायनामोकडे मागायला लागले. लवूने बल्बाची टोकं लावली.

बल्ब मिणमिणला. महादूने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, बल्ब तसाच मिणमिणत राहिला.

‘बंद कर,’ लवू म्हणाला. पट्टा डायनामोच्या ज्या चाकावरून फिरतो त्याला त्याने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. चाकावर भाकरी भाजली असती. पट्टा डायनामोला फिरवत नव्हता, नुसता त्याच्या अंगावरून मायेने हात फिरवत होता. आणि तेल असल्यामुळे आवाजही करत नव्हता.

‘पट्ट्याक तेल घातलंस?’ लवूने महादूला विचारलं.

‘माका काय येड लागला?’

‘मगे कोणी?’

‘मी घालतंय,’ ओसरीवरून आवाज आला.

हौसाबाईच्या एका हातात तेलाची वाटी होती आणि दुसऱ्या हातात कोंबड्याचं पीस. ती रोजच्याप्रमाणे गाडीच्या पूजेला निघाली होती. महादू आत पेज जेवायला बसला की ती गाडीला हळदकुंकू लावी, उदबत्ती ओवाळी आणि बॉनेटच्या उघड्या बाजूने पीस आत घालून पट्ट्यावरून फिरवी. दिवाळीपासून एकही दिवस चुकला नव्हता.

‘आये, कित्या?’ महादू म्हणाला.

‘कित्या म्हणजे? दिवाळीत चालू केल्यार कशी कोकलत होती ती. कान फाटत. बावडीवरचो रहाट कोकलाक लागलो की आपण काय करतो? पाळणो कोकलता तेव्हा काय करतो? तुझो कान दुखत होतो तेव्हा मी काय केलंय?’

‘तेल घातलंस,’ महादू म्हणाला.

‘मगे? त्या दिवसापासून एक शबुद काढूक नाय गाडयेन.’

हे खरं होतं. सैल पट्टा पहिल्या दिवशी ओरडला तेवढाच काय तो खरं बोलला होता. हौसाबाईने त्याला तेल पाजून गप्प केलं. नंतर लवूने तो ताणला, पुसला, पण दुसऱ्या सकाळी पीस हजर.

अंगणातली माणसं लवूकडे बघू लागली. वैद्यमंडळातल्या म्हाताऱ्याने विडी विझवली. लवूने आता नुसतं ‘बघा’ म्हटलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. तेवढ्यात हौसाबाईच बोलली.

‘तेल मी घातलंय, मान्य,’ ती म्हणाली. ‘पण लवू, तू पट्टो पुसलंस. तुका तेल दिसूक नाय?’

‘नाय काकी.’

‘वास येवक नाय?’

‘नाय.’

‘मगे दोष कोणाचो?’

लवूने विचार केला. ‘दोघांचो,’ तो म्हणाला. ‘तुझो वायच कमी. तू निदान आवाज तरी ऐकलंस.’

हौसाबाईला हा हिशेब पसंत पडलेला दिसला. ती वाटी ओसरीवर ठेवून खाली आली आणि सुगंधासमोर उभी राहिली. या बाईला ती आजवर घाटी म्हणत आली होती, फार तर लवूच्या शब्दाखातर मेस्त्रीण म्हणत आली होती.

‘तुका खयसून कळला गो?’

‘तुमच्याकडच्या भाताला येतो तसाच वास येत हुता,’ सुगंधा म्हणाली.

अंगणात कोणी हसलं नाही, कारण हौसाबाई हसली नव्हती. तिने सुगंधाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ठेवणीतल्या लुगड्यासकट.

‘खरी मेस्त्रीण ही,’ ती लोकांकडे वळून म्हणाली. मग लवूकडे पाहून थोडी थांबली. ‘आणि मेस्त्रिणीच्या घोवाक लवू म्हणान कसा चलात?’

अशा रीतीने लवूला त्याचं नाव परत मिळालं. आधी ते नवऱ्याकडून बायकोला आलं होतं, आता बायकोकडून नवऱ्याला आलं. लवू तोवर रिठ्याच्या पाण्यात पट्टा धूत होता. धुऊन, राखेने पुसून, उन्हात वाळवून त्याने तो चढवला. पुन्हा धक्का, पुन्हा दिवे, पुन्हा उपाशी बॅटरी. या खेपेला पट्टा बारीक कोकलला. सगळ्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. तिने हात पदराखाली घेतले. लवूने डायनामो आणखी जरासा ओढून पट्टा ताणला, आवाज थांबला, आणि भर उन्हात बल्ब असा पेटला की म्हाताऱ्या तांडेलाने डोळ्यांवर हात धरला.

त्या दिवशी महादू नारळ न भरताच नुसता तळेऱ्यापर्यंत जाऊन आला, बॅटरीचं पोट भरावं म्हणून. सोमवारी सकाळी त्याने गणपतीच्या तसबिरीला हात जोडून बटण दाबलं. सेल्फने एका दमात इंजिन फिरवलं. धक्क्याच्या भीतीने लांबच्या वाटेने देवळात निघालेले लोक तो आवाज ऐकून अर्ध्या वाटेतून परत फिरले. कोल्हापूरचं नाव महादूने पुन्हा काढलं नाही. तिकडे कांदे महाग झाले, असं तो सांगे.

लवूच्या फळीखाली पुढे चौथा खिळा आला. त्याला राखेची पुरचुंडी टांगलेली. कुठलीही गाडी आली की तो आधी हात घासे, बॅटरीला सेटपासून लांब ठेवी, आणि मग घराकडे तोंड करून सुगंधाला हाक मारी. ती चुलीवरचं उतरवून येई, बॉनेटखाली वाकून आंबट, जळकं, खारट असं काय ते सांगे आणि परत जाई. तिने कौल दिला की मग लवू बल्बाचा कौल घेई. दोन्ही जुळले की काम सुरू.

हौसाबाईचा प्रश्न मात्र राहिला होता. रोजच्या पूजेत तेल घालायची सवय लागलेला हात एकदम मोकळा ठेवणं तिला जमेना. सकाळी ती वाटी आणि पीस घेऊन पिकअपभोवती फिरे आणि काही न घालता परत येई. तिला जेवण जाईना. शेवटी महादूच्या सांगण्यावरून लवूने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या फाळक्याजवळ थांबला. नारळ भरताना उघडायचा तो लाकडी फाळका, त्याच्या गंजलेल्या बिजागऱ्या आणि कोयंडा.

‘काकी, हयसर घाल,’ तो म्हणाला. ‘हयसर कितीव घाल.’

हौसाबाईने मनापासून घातलं.

महिनाभराने महादू मांगरासमोर येऊन उभा राहिला. पिकअप चालू होती, बॅटरी भरलेली होती, दिवे लख्ख होते. मागचा हौदा मात्र रिकामा होता.

‘मेस्त्री, हयच्याच चढार फाळको आपसूक उघडलो,’ तो म्हणाला. ‘नारळ आजून खाली जातहत.’

लवूने हात राखेला न लावताच पुसले.

‘सुगंधाक हाक मारू?’ महादूने विचारलं.

‘नको. ह्या माकाच कळला. कोयंडो घसरलो. खोबरेल.’

‘वासाशिवाय कसा कळला?’

‘मीच सांगितलंय काकीक घालूक.’

महादूने रस्त्याच्या उताराकडे पाहिलं. खाली कुठेतरी एक नारळ दगडावर आपटल्याचा आवाज आला.

‘मेस्त्री खरो,’ तो म्हणाला आणि पोती घेऊन उतरू लागला. लवू त्याच्या मागून निघाला, अर्धी पोती आपल्या खांद्यावर टाकून.